उसळत्या ताऱ्याचा खेळ

युमेतारोला शत्रूच्या डोक्यावर उडी मारून त्याला संपवता येत नाही. ‘सुपर मारिओ’ खेळून वाढलेल्या बोटांना हे पहिल्याच मिनिटात खटकतं. मारिओने १९८५ साली पाडलेला तो रिवाज पुढच्या शेकडो खेळांनी जसाच्या तसा उचलला होता : समोरून कोणी आलं की उडी मारा, चिरडा, पुढे चला. युमेतारोचं मुख्य हत्यार मात्र एकच आहे. बटण दाबून धरलं की त्याच्या डोक्यावर एक तारा जमू लागतो. तो पुरता जमला की बटण सोडायचं आणि तारा सुटतो. पण गोळीसारखा सरळ जात नाही. जमिनीवर पडतो, उसळतो, उतार लागला तर उताराचा होतो, भिंतीला थडकून उलटा फिरतो आणि थोड्या वेळाने विरून जातो. तो विरेपर्यंत किंवा कोणाला लागेपर्यंत दुसरा तारा नाही.

एवढ्याशा भांडवलावर ‘गिमिक!’ हा अख्खा खेळ उभा आहे. सनसॉफ्ट या जपानी कंपनीने तो ३१ जानेवारी १९९२ रोजी निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी बाजारात आणला. त्या काळातल्या उड्यामारीच्या खेळांमध्ये, म्हणजे ज्यांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात त्यांत, मी याला अगदी वरच्या रांगेत बसवतो. आणि तरीही मारिओ, सॉनिक, मेगा मॅन ही नावं ज्यांना तोंडपाठ आहेत अशा बहुतेकांनी याचं नावही ऐकलेलं नसतं. खेळात काही उणं होतं म्हणून तो मागे पडला असं नाही. तो ज्या दिवसांत आला ते दिवस त्याच्या बाजूचे नव्हते. त्यात त्याची अर्धी जादू ज्या चिपमध्ये होती ती अमेरिका-युरोपातल्या यंत्रांवर वाजूच शकत नव्हती.

गोष्ट साधी आहे. एका लहान मुलीच्या वाढदिवसाला तिचे वडील खेळणं आणायला जातात, आणि खेळणं समजून एका हिरव्या, गोलमटोल जिवालाच घरी घेऊन येतात. तो युमेतारो. मुलगी त्याच्यावर इतकी खूश होते की तिची जुनी खेळणी हेव्याने पेटतात आणि तिला दुसऱ्याच एका दुनियेत पळवून नेतात. युमेतारो तिच्या मागोमाग निघतो. खेळताना ही कथा जवळजवळ आठवतही नाही. आठवत राहतो तो तारा.

हा तारा दिसायला हत्यार आहे, पण त्याच्यावर उभंही राहता येतं. खेळातल्या सगळ्या नवलाईचं मूळ इथे आहे. समजा, समोर अशी उंच कड आहे की युमेतारोची उडी तिथे पोचत नाही. आजूबाजूला शिडी नाही, हलती फळी नाही. तुम्ही तारा भरून घेता आणि कडेखालच्या भिंतीवर सोडता. तारा भिंतीला लागून तुमच्याच दिशेने उसळत परत येतो. एक टप्पा, दुसरा टप्पा. दुसऱ्या टप्प्यानंतर तो वर चढायला लागतो तेवढ्यात उडी मारून त्याच्या पाठीवर उतरायचं. जरा लवकर उडी मारली तर तारा पायाखालून निसटतो, जरा उशीर झाला तर तो डोक्यावरून निघून जातो. नेमका क्षण साधला की तो तुम्हाला अंगावर घेऊन पुढे उसळतो आणि त्याच्या उसळीच्या सर्वांत उंच जागी तुम्ही दुसरी उडी घेता. दोन्ही उंच्या जोडल्या जातात आणि कड हाताशी येते.

कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच समजेल. सोंगटी थेट मारता येत नसेल तर तो फळीवरून रिबाउंड घेतो, आणि स्ट्रायकर कुठे आदळला की कुठे जाईल हे त्याला कागदावर मांडावं लागत नाही, हाताला ठाऊक असतं. ‘गिमिक!’ ही जाण बोटांत उतरवतो. मात्र हे कसं करायचं ते तो कुठेच सांगत नाही. पडद्यावर सूचना येत नाही, बाण दिसत नाही, सुरुवातीचा शिकवणीचा टप्पा नाही. ताऱ्यावर चढता येतं ही गोष्ट तुम्हाला एखाद दिवशी चुकून कळते. नेम हुकलेला तारा परत येतो, तुम्ही घाबरून उडी मारता आणि त्याच्यावरच उतरता. त्या क्षणी मागे टाकलेले सगळे टप्पे नव्याने दिसू लागतात. ज्या कपारी नुसत्या शोभेच्या वाटल्या होत्या त्या आता वाटा होतात.

या साध्या दिसणाऱ्या उसळीमागे केवढी मेहनत आहे हे समजण्यासाठी यंत्राच्या आत डोकवावं लागतं. फॅमिकॉम १९८३ सालचं यंत्र. त्याचा प्रोसेसर आठ बिटांचा, सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोक्यांनी चालणारा. कामासाठी हाताशी असलेली मेमरी दोन किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलवर पाठवलेला एखादा लांबलचक मेसेजही तिच्यात मावायचा नाही. टीव्हीवरचं चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने उमटतं, म्हणजे एका चित्रासाठी प्रोसेसरच्या वाट्याला जेमतेम ३० हजार ठोके येतात, आणि एकेक आज्ञा पार पाडायला त्यातले दोन ते सात ठोके खर्च होतात. तेवढ्यात खेळणाऱ्याचं बटण वाचायचं, नायक हलवायचा, शत्रू हलवायचे, कोण कोणावर आदळलं ते तपासायचं, पुढचं चित्र तयार करायचं आणि गाणंही चालू ठेवायचं.

त्यात या प्रोसेसरला गुणाकार येत नाही. भागाकारही नाही. बेरीज, वजाबाकी आणि आकडे एक घर डावीकडे-उजवीकडे सरकवणं, गणित म्हणून एवढंच. अपूर्णांक तर त्याला ठाऊकच नाहीत. पण उसळणारी वस्तू म्हणजे निव्वळ अपूर्णांकांचा मामला. गुरुत्वाकर्षण दर साठाव्या सेकंदाला वेगात चिमूटभर भर घालतं. ही चिमूट एका पिक्सेलपेक्षा कितीतरी लहान असते. ती सोडून दिली तर हालचाल धक्क्याधक्क्याने होते. म्हणून त्या काळचे प्रोग्रॅमर एका वस्तूची जागा दोन आकड्यांत लिहीत : एक पूर्ण पिक्सेलांचा, दुसरा पिक्सेलच्या आतल्या बारीक भागांचा. बारीक भाग भरून वाहिला की पूर्ण आकड्यात एक हातचा. वेग निम्मा करायचा तर आकडा एक घर सरकवायचा. पाऊणपट करायचा तर दोन घरं सरकवून आलेली पावपट मूळ आकड्यातून वजा करायची. अशा जुगाडांतून बॉल जमिनीवर आपटून थोडा कमी उंच उसळतो.

सपाट जमिनीवर हे एक वेळ जमतं. उतारावर कठीण होतं. १९८५ च्या ‘सुपर मारिओ’त उतार नावाची गोष्टच नाही, सगळी जमीन पायऱ्यांची. तीन वर्षांनी आलेल्या तिसऱ्या मारिओत उतार आले आणि त्यावरून बसून घसरता येऊ लागलं. नंतर पुष्कळ खेळांनी उतार घेतले, पण बऱ्याच ठिकाणी ते नायकापुरतेच होते, त्याचे पाय चित्राप्रमाणे वरखाली व्हावेत एवढीच सोय. ‘गिमिक!’मध्ये उतार हा दुनियेचा कायदा आहे. युमेतारो उतारावरून धावला की वेग घेतो आणि चढणीवर दमतो. तारा उतारावर पडला की उताराच्या बाजूने फेकला जातो. शत्रूही त्याच उतारावरून घसरतात.

ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. नायकाला एक नियम, शस्त्राला दुसरा आणि शत्रूंना तिसरा, असा भेदभाव इथे नाही. सगळ्यांना एकाच मापात तोललेलं आहे. त्यामुळे पाठांतराला फारसा वाव उरत नाही. त्या काळच्या अवघड खेळांची एक ठरलेली रीत होती : शत्रू ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी येणार, तुम्ही मरत मरत तो क्रम घोकायचा. ‘गिमिक!’मधले काळे, बुटके प्राणी ठरलेली येरझार घालत बसत नाहीत. ते तुमच्या रोखाने येतात, तुम्ही जागा बदलली की तेही बदलतात, आणि कधी कधी तुमच्या मागे लागण्याच्या नादात स्वतःच कड्यावरून खाली जातात. एकच टप्पा दोनदा खेळलात तर दोन वेगळ्या मारामाऱ्या होतात. घोकून उपयोग नसतो, समजावं लागतं. तारा कुठे पडला की कुठे जाईल हे एकदा उमगलं की ती समज पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत साथ देते, कारण कायदा कुठेच बदलत नाही.

हे सगळं ज्यांच्या डोक्यातून निघालं त्यांचं नाव तोमोमी साकाई. खेळाचं दिग्दर्शन आणि रचना त्यांची. त्यांची जिद्द काय होती हे कळलं की खेळातली प्रत्येक बारीकसारीक गोष्ट वेगळी दिसते. निन्टेन्डोचं नवं, सोळा बिटांचं सुपर फॅमिकॉम नोव्हेंबर १९९० मध्ये जपानमध्ये आलं होतं. रंग जास्त, आवाज भरदार, पडदा फिरवता येतो, मोठा करता येतो. सगळ्या कंपन्यांचे डोळे तिकडे लागलेले. साकाई यांनी मात्र जुनंच यंत्र धरलं आणि ठरवलं की त्याच्यावर असा खेळ करायचा जो नव्या यंत्रावरच्या खेळांच्या तोडीस तोड वाटेल. चित्रांतलं बारीक काम, हालचालींतला मऊपणा, आवाज, सगळीकडे ही ईर्षा जाणवते.

आवाजाची गोष्ट तर स्वतंत्र सांगण्यासारखी आहे.

फॅमिकॉमकडे मुळात पाच आवाज. दोन चौकोनी तरंगाचे, त्यांवर बहुधा मुख्य चाल वाजते. एक त्रिकोणी तरंगाचा, तो खर्जासाठी. एक नुसत्या खरखरीचा, ढोल-झांजा त्यातून काढतात. आणि पाचवा, जो ध्वनिमुद्रित केलेला एखादा छोटा तुकडा खरखरीत आवाजात वाजवू शकतो. सनसॉफ्टच्या संगीतकारांनी या पाचव्या आवाजात बास गिटारचे सूर भरायची युक्ती काढली. १९९० सालचा त्यांचा ‘जर्नी टू सिलियस’ ऐकून पाहा. आठ बिटांच्या यंत्रातून एवढा दणकट खर्ज निघतो यावर विश्वास बसत नाही. जुन्या खेळांच्या संगीताचे शौकीन आजही त्याला ‘सनसॉफ्ट बास’ म्हणतात.

‘गिमिक!’चं संगीत मासाशी कागेयामा यांचं, आणि ते यंत्रात उतरवणारे ध्वनी-प्रोग्रॅमर नाओहिसा मोरोता. कागेयामांचा ओढा जॅझ आणि फ्यूजनकडे. इथेच अडचण उभी राहते. जॅझची खुमारी त्याच्या कॉर्डमध्ये असते, आणि त्या कॉर्ड तीन नव्हे, अनेकदा चार किंवा पाच सुरांच्या असतात. चालीला एक तरंग दिला की फॅमिकॉमकडे सुरावटीसाठी एकच चौकोनी तरंग उरतो. त्यातून चार सुरांचा मेळ कसा काढायचा? बाकीचे लोक सूर एकामागोमाग झरझर वाजवून कॉर्डचा भास निर्माण करत. सनसॉफ्टने दुसरा मार्ग धरला. त्यांनी कॅसेटच्या आतच आणखी एक ध्वनी-यंत्र बसवलं.

सनसॉफ्टची स्वतःची एक चिप होती, एफएमई-७ नावाची, मोठे खेळ कॅसेटमध्ये बसवण्यासाठी. तिचीच एक वाढीव आवृत्ती म्हणजे ५बी. या ५बीच्या पोटात यामाहाच्या वायएम२१४९ जातीचा ध्वनिभाग होता. हाच वंश अटारी एसटी या संगणकातही सापडतो. त्याने आणखी तीन चौकोनी तरंग मिळाले. पाचाचे आठ झाले. या चिपचा आवाज ज्या एकमेव खेळात वापरला गेला तो हा. त्यातही तिच्या अंगच्या सगळ्या करामती वापरलेल्या नाहीत, खरखर नाही, तरंगाचे उतार-चढाव नाहीत. फक्त तीन स्वच्छ सूर घेतले आणि त्यांतून ‘गुड वेदर’ हे गाणं बांधलं. चाल वर मोकळी फिरते, खाली तिचे सोबती सूर एकत्र उमलतात आणि बास मध्येच लाडिक वळण घेतो. सकाळी खिडकी उघडल्यावर येणारी प्रसन्नता त्या दीड-दोन मिनिटांत आहे. मी हे गाणं खेळाशिवायही कितीतरी वेळा ऐकतो.

आता यातली खोच अशी की हा आवाज कॅसेटमधून टीव्हीपर्यंत पोचायला यंत्राने वाट द्यावी लागते. जपानी फॅमिकॉमने ती दिली होती. तिथे यंत्रात तयार झालेला आवाज आधी कॅसेटच्या एका पिनेवर जातो, कॅसेट त्यात स्वतःचं काही मिसळू शकते, आणि दुसऱ्या पिनेवरून तो परत येऊन टीव्हीकडे जातो. साध्या कॅसेटमध्ये या दोन पिना नुसत्या जोडलेल्या असतात. निन्टेन्डोने अमेरिका-युरोपसाठी त्याच यंत्राचं नवं रूप, एनईएस, बनवलं तेव्हा कॅसेटच्या ६० पिनांच्या ७२ झाल्या, पण ही ये-जा कॅसेटच्या वाट्यातून गेली. त्याची किंमत बऱ्याच खेळांनी मोजली. कोनामीच्या तिसऱ्या ‘कॅसलव्हेनिया’ची जपानी आणि अमेरिकी कॅसेट लागोपाठ ऐकली की फरक कानाला जाणवतो. ‘गिमिक!’ जेव्हा युरोपात गेला तेव्हा त्याचीही तीन सुरांची मिळकत जपानमध्येच राहिली. उरलेल्या पाच आवाजांत गाणी पुन्हा बसवावी लागली. चाली त्याच, पण मधली ऊब गेलेली.

युरोपात गेला म्हणायचं, तेही नाममात्र. अमेरिकेत तो निघालाच नाही. तिथल्या सनसॉफ्टला हा हिरवा गोळा विचित्र वाटला, आणि एव्हाना बाजार पुढच्या पिढीच्या यंत्रांकडे वळलेला होता. १९९१ मध्ये सेगाचा सॉनिक धावत सुटला होता, सुपर निन्टेन्डो अमेरिकेत पोचला होता. आठ बिटांच्या नव्या खेळावर पैसा लावायला वितरक तयार नव्हते. शेवटी १९९३ साली बर्गसाला या स्वीडिश कंपनीने थोड्या प्रती स्कँडिनेव्हियात आणल्या, ‘मिस्टर गिमिक’ या नावाने. उत्तर युरोपात निन्टेन्डोची खेळणी विकणारी ही जुनी कंपनी. त्या मोजक्या प्रती आज संग्राहकांमध्ये शेकडो डॉलरना जातात. जपानमध्येही त्या वेळच्या समीक्षकांची मतं संमिश्रच होती. चेहरा लहान मुलांच्या खेळाचा आणि आतला मामला एवढा अवघड, हे कोडं अनेकांना सुटलं नसावं.

आपल्या घरांतही हा खेळ आला नाही, आणि त्याचं कारण रंजक आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जे खोकं टीव्हीला जोडलं जाई ते बहुधा फॅमिकॉमचीच नक्कल असे. त्याची कॅसेटही जपानी मापाची, ६० पिनांची. म्हणजे यंत्राच्या नात्याने आपण अमेरिकी मुलांपेक्षा जपानी मुलांच्या जवळ होतो. पण त्या खोक्यांत शिरणाऱ्या ‘९९९९ इन वन’ कॅसेटमध्ये खरे खेळ असत थोडेच, तेच ते नावं आणि टप्पे बदलून पुन्हा पुन्हा दाखवलेले. नक्कल करणाऱ्यांना परवडत ते लहान, सुरुवातीच्या वर्षांतले खेळ, ज्यांना कॅसेटमध्ये वेगळी चिप लागत नाही. पहिला ‘सुपर मारिओ’ सगळा मिळून ४० किलोबाइटचा. ‘गिमिक!’ त्याच्या कितीतरी पट मोठा, आणि शिवाय सनसॉफ्टची खास चिप हवी. म्हणून मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत मुलांना मारिओ, ‘सर्कस चार्ली’, ‘ॲडव्हेंचर आयलंड’ तोंडपाठ झाले. फॅमिकॉमच्या उतारवयात त्याच्यावर जे उत्तमोत्तम खेळ निघाले त्यांतले फारच थोडे इथवर पोचले. त्या यंत्राची खरी ताकद आपण पाहिलीच नाही असं म्हटलं तरी चालेल, आणि ‘गिमिक!’ हा त्याचा सगळ्यात ठळक दाखला आहे.

अवघडपणाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. खेळात सहा टप्पे आहेत. सरावलेला माणूस अर्ध्या तासाच्या आत ते संपवतो. नवख्याला पहिले तीन पार करायलाच कित्येक संध्याकाळी लागतात. सहाही टप्प्यांत एकेक वस्तू दडवलेली आहे. ती मिळवायला ताऱ्यावरची स्वारी जवळजवळ अनिवार्य, आणि काही ठिकाणी नेम इतका बारीक लागतो की हात दुखून येतात. या सहाही वस्तू जमल्या तरच सातवा, गुप्त टप्पा उघडतो आणि मुलीची खरी भेट होते. त्या नसतील तर खेळ संपतो, पण शेवट अपुरा राहतो. यावर आणखी एक अट आहे : सगळे जीव संपल्यावर ‘कंटिन्यू’ घेतलं की जमवलेल्या वस्तू गेल्या. म्हणजे खरा शेवट पाहायचा तर सुरुवातीपासून एका दमात.

ही अट मला पटत नाही. ज्या खेळाचा आनंद प्रयोग करण्यात आहे, तारा इकडून टाकून बघू, तिकडून टाकून बघू यात आहे, त्यानेच शेवटी प्रयोगाला शिक्षा द्यावी हे त्याच्या स्वभावाशी विसंगत आहे. वस्तू शोधायला निघालेला माणूस जीव गमावणारच. शोधक खेळाडूला दंड आणि सरळ धावत सुटणाऱ्याला मोकळीक, असा उलटा न्याय त्यातून होतो. कॅसेटवर खर्च केलेल्या पैशाचा पुरेपूर मोबदला मिळावा म्हणून खेळ लांबवण्याची त्या काळची सवय यामागे असावी असं मला वाटतं. टप्पे स्वतः इतके समृद्ध आहेत की त्यांना या काठीची गरज नव्हती.

पण अवघडपणाचा दुसरा भाग मी मनापासून मान्य करतो. इथे तुम्ही मरता तेव्हा का मेलात ते डोळ्यांसमोर असतं. आकाशातून अचानक पक्षी येऊन खड्ड्यात ढकलत नाही. तारा भरायला वेळ लागतो हे तुम्हाला माहीत होतं, तो भरायच्या आत तुम्ही पुढे गेलात. उतारावर वेग येतो हे माहीत होतं, तुम्ही थांबला नाहीत. त्या वेळच्या खेळांमध्ये एवढा सरळ व्यवहार दुर्मीळ होता. आणि म्हणूनच हात बसल्यावर जो आनंद होतो तो घोकलेली कविता न चुकता म्हटल्याचा नसतो, गणित सुटल्याचा असतो.

या खेळाला पुन्हा उजाळा मिळाला तो संगणकावर जुनी यंत्रं भासवणाऱ्या इम्युलेटरमुळे. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या तरुणांनी जपानी खेळांच्या ढिगातून हा शोधून काढला, आपापसात सांगितला, त्याच्या संगीतावर लिहिलं. २००२ मध्ये सनसॉफ्टच्या जुन्या खेळांच्या मालिकेत तो प्लेस्टेशनवर निघाला, तोही जपानमध्येच. जगभर तो अधिकृतपणे, सहज मिळण्याजोगा झाला तो थेट जुलै २०२३ मध्ये, ‘गिमिक! स्पेशल एडिशन’ म्हणून, निन्टेन्डो स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणकावर. मूळ खेळानंतर ३१ वर्षांनी. लगेच पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, ‘गिमिक! २’ आला. त्यात हाताने रंगवल्यासारखी नवी चित्रं आहेत, अटी सैल केल्या आहेत, आणि तारा अजून तसाच उसळतो. एखाद्या खेळाच्या पुढच्या भागासाठी तीन दशकं थांबावं लागणं ही फार थोड्यांच्या नशिबी आलेली गोष्ट, आणि ती घडली केवळ त्याच्यावर जीव लावणाऱ्यांमुळे.

नव्या आवृत्तीत खेळ काही क्षण मागे नेण्याची सोय आहे. ती वापरण्यात कमीपणा मानू नका. वर म्हटलेली जाचक अट तिने बरीचशी बोथट होते, आणि तारा कसा वागतो ते शिकायला याहून चांगलं साधन नाही. एकच फेक पुन्हा पुन्हा मागे नेऊन, दर वेळी उडी जराशी अलीकडे-पलीकडे मारून पाहता येते. पहिल्या टप्प्यातच सुरुवातीला उतार भेटतात. तिथे पुढे जायची घाई करू नका. शत्रू संपले की तारा भरा आणि उतारावर सोडा, कुठवर जातो ते पाहा. मग उताराच्या माथ्यावरून सोडा. मग भिंतीकडे तोंड करून सोडा आणि परत येणाऱ्या ताऱ्यावर चढायचा प्रयत्न करा. मागे त्या टप्प्याचं गाणं चालूच असतं.